सोमवारी पाहिलेला पाय

अनवरी मणियारची वही परदेशातल्या मासिकात छापून आली आणि माझी आली नाही. तिच्या वहीत एकही अक्षर नव्हतं. माझी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अक्षरांनी भरलेली होती. पुढचं सगळं यातून झालं, म्हणून आधी हेच सांगते.

आम्ही दोघी पिंपळवंडीच्या. माझं घर मळ्यात, ओढ्याच्या अलीकडे. तिचं गावात, रस्त्याला लागून. तिचं माहेर जुन्नरचं. तीस वर्षं तिनं माझ्या हातात बांगड्या भरल्या. बोलणं आमच्यासारखंच, फक्त राग आला की हिंदीत शिरते. आम्हा दोघींना साखर एकाच वर्षी निघाली, आरोग्य केंद्रातल्या एकाच रांगेत. मी रडकुंडीला आले होते. ती म्हणाली, "चल, मरायला सोबत झाली."

डॉक्टर प्राची आमच्याकडं आल्या त्याला आता चार वर्षं झाली. आंबेगाव तालुक्यातल्या लोणीच्या शेतकऱ्याची ही पोर. शिकून पुण्यात मोठ्या कामावर लागलेली. त्या गोळ्या वाटायला येत नसत, अभ्यासाला येत. साखर वर्षानुवर्षं अंगात राहिली की माणसाचं काय होतं, आणि दवाखाना लांब असलेल्या गावात ते दुखणं कसं सांभाळायचं, यावर त्या लिहीत. ते इंग्रजी मासिकांत छापून येई आणि लांबलांबचे डॉक्टर वाचत.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा बत्तीस जणांना शाळेच्या व्हरांड्यात बसवलं. डोळे मिटायला सांगून तळपायाला नायलॉनचा दोरा टेकवत गेल्या. "कळलं की हो म्हणा." मी दोनदा हो म्हणाले. अनवरी गप्पच बसून राहिली. तिला वाटलं अजून सुरुवात व्हायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, दहा वेळा टेकवला."

मग त्यांनी विचारलं, "रोज रात्री स्वतःचे पाय बघता का?" कुणी बोललं नाही. मीही नाही. शिकलेल्या माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते.

घरी जाताना मी अनवरीला म्हणाले, "आपला तळपाय आपल्याला दिसतो व्हय? वाकून मान मोडायची. दुसऱ्यानंच बघाया पायजे. बैल सवताचा खूर बघतो का?"

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा अनवरीनं हेच त्यांना ऐकवलं. माझ्यादेखत. त्या हसल्या, टिपून घेतलं, आणि त्यातूनच जोड्या लावायचं निघालं. दोघादोघांनी दर सोमवारी एकमेकांचे पाय बघायचे. पाय मांडीवर घ्यायचा, बोटांच्या बेचक्यात बघायचं, टाच दाबायची, दिसलं ते तोंडानं सांगायचं, आणि दोघांनी आपापल्या वहीत नोंद करायची. साखर आरोग्य केंद्राच्या आशाताईच्या मशीनवर आठवड्यातून दोनदा मोजायची. ती पण वहीत.

मी आणि अनवरी जोडी झालो. पहिल्यांदा तिचा पाय मांडीवर घेताना मला संकोच वाटला. आपल्यात पाय धुतात ते जावयाचे, सवाष्णीचे. ती म्हणाली, "तीस वरसं तुझा हात दाबून दाबून बांगड्या भरल्या, कधी लाजले न्हाई. तू बघ मुकाट."

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी मोहिनीबाईंच्या साक्षरता वर्गात लिहायला शिकले. तोवर पोस्टमन आला की मी अंगठा पुढं करायची. त्यामुळे ही वही म्हणजे माझं पहिलं खरं लिखाण. भांडी घासून, हात पुसून मी लिहायला बसे. "सोमवार. साखर १५६. माझे पाय ठीक. अनवरीचे पाय ठीक. भाकरी दीड. चहा बिनसाखरेचा." रेघ सोडून अक्षर कधी गेलं नाही.

अनवरीला लिहिता येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. ती तान्ह्या बाळाची बांगडी कागदावर ठेवून तिच्या कडेनं गोल काढी. साखर बरी असली तर नातीच्या, इफराच्या खडूनं गोल हिरवा करी, वाढली तर लाल. पाय चांगले असले तर गोल पुरा. कुठं भेग, फोड असला तर गोलात फट, फुटक्या बांगडीसारखी. मला हसू येई. मी मनात म्हणे, पोरखेळ.

दोन वर्षांनी, एका शुक्रवारी, डॉक्टरीणबाई तो छापलेला लेख घेऊन आल्या. सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. गुळगुळीत कागद, बारीक इंग्रजी. मधल्या पानावर रंगीत चित्र. हिरव्या-लाल बांगड्यांच्या रांगा. अनवरीची वही.

"मावशी," त्या अनवरीला म्हणाल्या, "लिहिता न येणारा पेशंटही स्वतःची नोंद ठेवू शकतो, हे तुमच्या वहीनं दाखवलं. आणि लेखाची सुरुवातच तुमच्या वाक्यानं केलीय." त्यांनी बोट ठेवून मराठीत सांगितलं, "'बैल स्वतःचा खूर बघतो का?' बांगड्या विकणारी स्त्री, वय एकसष्ट."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात वाजत होते, एवढंच. जिच्या घरी सात पिढ्यांत बैल बांधला नव्हता, तिच्या नावावर माझा बैल गेला होता. मी अनवरीकडं बघितलं. ती आता सांगेल, साळूचं हाय हे, असं मला वाटत होतं. ती पदराआडून हसत होती. सांगितलं नाही.

माझी वही डॉक्टरीणबाईंनी चाळली. "छान अक्षर आहे, मावशी." बस. एवढंच. शाळेत मास्तर ढ पोरांना म्हणतात तसं.

घरी येऊन मी मालकांना सांगितलं. मालक म्हणजे आमचे सावळाराम. ते गोठ्यात होते.

"तिचं तरी नाव कुठं आलंय?" ते म्हणाले. "बांगडीवाली म्हणून छापलंय."

"पण बैल माझा व्हता."

"बैल माझा व्हता," मालक म्हणाले आणि वैरण टाकायला लागले.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. शनिवारी साखर मोजली तर दोनशे चौदा. वहीत लिहिताना वाटलं, हे छापणार आहे कोण?

सोमवारी अनवरी नेहमीच्या वेळेला आली. उसाच्या कडेनं येताना बिबट्याच्या भीतीनं काठी आपटत येते, ती लांबूनच ऐकू येते. एरवी त्या आवाजानं मी आधण ठेवते. त्या दिवशी ठेवलं नाही.

तिनं माझे पाय बघितले. "झ्याक हायत. टाचेला तेल लाव." मग पाय माझ्या मांडीवर टाकून ओसरीच्या खांबाला टेकली आणि बोलायला लागली. जुन्नरच्या भावाला फोन करून कळवलं होतं. भावानं शेजाऱ्यांना कळवलं होतं. "माझी भावजय म्हणते, आता तू सायन्सवाली झाली."

मी तिच्या उजव्या पायाचा अंगठा बाजूला केला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या जाड कातडीत एक हिरवी रेघ होती. नखाएवढी. बोटानं चाचपली तर काच. बांगडीचा तुकडा. भोवती कातडी थोडी काळसर, आणि दाबल्यावर कडेनं पाण्याचा एक थेंब आला.

मी दाबलं तरी ती बोलतच होती. तिला कळलंच नाही.

"काय गं, बघितलं का?" ती म्हणाली.

मी पाय खाली ठेवला. "बरा हाय."

का, ते आता सांगता येतं. तेव्हा शब्द नव्हते. वाटलं एवढंच की येऊ दे हिच्या वहीत एक फुटकी बांगडी. पण फुटकी बांगडी यायची तर मला सांगावं लागलं असतं, म्हणजे तीही तिला माझ्याकडूनच मिळाली असती. असं काहीतरी उलटंसुलटं. मी वही उघडली आणि लिहिलं, "अनवरीचे पाय ठीक." अक्षर नेहमीसारखंच आलं, जरासुद्धा हललं नाही. तिनं तिथंच बसून हिरवा गोल काढला. पुरा. माझ्या शब्दावर.

मंगळवारी मी स्वतःला सांगितलं, काच आपोआप निघते. शेतात आपल्याला काय कमी काटे लागतात?

बुधवारी आमच्या शेजारच्या मळ्यात लग्नाच्या बांगड्या होत्या. पंधरा-वीस बायका जमल्या. अनवरी मधोमध बसली, समोर बांगड्यांचे डबे. हात दाबत, बांगडी सरकवत तिचं तोंड चालू होतं, मासिक, परदेश, बैल.

एक जण म्हणाली, "अगं पण तुझ्याकडं बैल कुठं?"

"बैल न्हाई तर काय झालं? नवरा व्हता की."

सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं आणि त्याचाच जास्त राग आला. असलं काही मला बसल्या जागी कधी सुचत नाही.

तिनं चप्पल दाराशी काढली होती. मांडी घालून बसलेली, उजवा तळवा लुगड्याच्या काठाखालून निम्मा दिसत होता. अंगठ्याचं मूळ सुजून चकाकत होतं. एवढ्या बायकांत ते मला एकटीलाच दिसत होतं, कारण तिथं बघायची सवय मला एकटीलाच होती. माझा नंबर आला. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "साळू, तुझा हात का गार पडला?" मी म्हणाले, "वारं हाय." डझनभर हिरव्या बांगड्या भरून मी घरी आले.

गुरुवारी मी गावात जायला निघाले आणि ओढ्यावरून परत फिरले. तीन दिवस उशिरा सांगायचं तर आधी का नाही सांगितलं, हे आलंच. जितके दिवस जात होते तितकं ते सांगणं जड होत गेलं.

शुक्रवारी गेले. निमित्त काढलं, टोमॅटो दिले. अनवरी पाय धुऊन नुकतीच आत आली होती. "बस, चहा टाकते," म्हणत ती आत वळली. फरशीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे उठले. डावा पाण्याचा. उजवा पाण्याचा, पण अंगठ्यापाशी पिवळट, मध्ये लाल.

ती ठसे टाकत तशीच चुलीपर्यंत गेली. सरळ, न लंगडता. तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"पाय दाखव," मी म्हणाले.

"आज सोमवार हाय का?"

"दाखव म्हणते ना."

"आधी चहा तर…"

मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. पाय उचलला तर वास आला. अंगठा जांभळा पडला होता आणि लाली घोट्याकडं निघाली होती. सून रुक्साना धावत आली आणि बघून तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मी ओरडले, उमरला फोन लाव. उमर म्हणजे तिचा मुलगा, रिक्षा चालवतो. त्याच्याच रिक्षातून आम्ही नारायणगावला गेलो, आणि तिथून त्यांनी लगेच पुण्याला पाठवलं. वाटेत अनवरीचा पाय माझ्या मांडीवर होता. ती म्हणत होती, "दुखत तर काहीच न्हाई गं. उगं घाबरवती."

अंगठा काढावा लागला. पुण्याचे सर्जन बाहेर येऊन उमरला म्हणाले, "काच आत होती. चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर चिमट्यानं काढून, पट्टी बांधून घरी पाठवलं असतं." मी कपड्यांची पिशवी घेऊन उमरच्या मागं उभी होते. पिशवी खाली ठेवायची असते हेसुद्धा मला सुचत नव्हतं.

घरी आल्यावर मी वहीत लिहिलं, "शुक्रवार. अनवरीच्या पायाला जखम दिसली. लगेच दवाखान्यात नेलं." खोटं काही नव्हतं त्यात. वरच्या ओळीतलं सोमवारचं 'ठीक' मी वाचलं आणि वही मिटली.

गावात माझं नाव झालं. साळुबाईनं अनवरीचा पाय वाचवला. बायका रस्त्यात थांबवून विचारत. मी म्हणे, "देवानं बघितलं." लोकांना तो मोठेपणा वाटे.

दीड महिन्यानं डॉक्टरीणबाई आल्या. अनवरीला चालायला मनाई होती, म्हणून तिच्या ओसरीवरच बसलो. अनवरी खाटेवर, पाय उशीवर. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वह्या समोर ठेवल्या. तिच्यातला सोमवारचा हिरवा गोल बघितला, माझ्यातलं सोमवारचं 'ठीक' बघितलं, मग शुक्रवार वाचला.

"मावशी, सोमवारी काही नव्हतं आणि शुक्रवारी एवढं. पण सोमवार नसताना तुम्ही पाय बघितलात, म्हणून बाकीचा पाय वाचला. जोडीचा खरा फायदा हाच. पुढच्या लेखात हे मी सविस्तर लिहिणार आहे." मग माझ्या वहीवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि या वेळी तुमचं पान छापते. आख्खं."

आठ वर्षं गिरवलेली अक्षरं. आख्खं पान.

अनवरी खाटेवरून म्हणाली, "छापा, छापा. तिचं अक्षर मोत्यावानी हाय. लई राग व्हता तिला, माझंच छापलं म्हणून. मला काय कळत नव्हतं व्हय?" मग माझ्याकडं बघून, "बैलाचं तूच म्हणली व्हतीस, ते बी ठाऊक हाय मला. पर तू डॉक्टरीणबाईसमोर दातखीळ बसल्यावानी बसणार, मग कुणी सांगायचं? मी सांगितलं. माझं झालं."

म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून दोन वर्षं बैल आपल्या नावावर ठेवला. हे ऐकून माझा राग पुन्हा सळकन वर आला, तिचा पाय उशीवर असताना, चार बोटांचा. आणि ते मलाच सहन झालं नाही.

"पेन द्या," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना वाटलं सही करायची असेल. मी सोमवारच्या ओळीखाली, जागा कमी होती म्हणून बारीक, लिहिलं. त्यांनी वाचलं.

"काय लिहिलं?" अनवरी म्हणाली.

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या. वाचून दाखवायचं माझं होतं.

"सोमवारी काच दिसली व्हती," मी वाचलं. "मी सांगितलं न्हाई."

अनवरी खाटेवर ताठ बसली.

"का?"

"बैल माझा व्हता," मी म्हणाले.

तिनं आपल्या पायाकडं बघितलं. मग माझ्याकडं. "बैल के वास्ते," ती हळू म्हणाली. मग आतल्या बाजूला तोंड करून, "रुक्साना, चहा डॉक्टरीणबाईपुरता टाक."

मी उठले आणि चपला घातल्या. तीस वर्षांत त्या घरातून बिनचहाची गेले नव्हते.

पाच सोमवार गेले. मी ओसरीवर बसून स्वतःचा तळपाय बघायचा प्रयत्न करी. आरसा ठेवून पाहिला. मालक म्हणाले, मी बघतो, पण त्यांना चष्म्याशिवाय पाय कुठला आणि जोडा कुठला ते कळत नाही. गावात मी काही सांगितलं नव्हतं, अनवरीनंही सांगितलं नव्हतं. तेच जास्त टोचत होतं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला तिचा राग करायला काहीतरी मिळालं असतं.

सहाव्या सोमवारी उमर रिक्षा घेऊन दारात आला. "अम्मीनं बोलावलंय. वही घेऊन."

अनवरी खाटेवर बसली होती. मी दारात उभी राहिले.

"ये आत. दुसरं कोन बघणार? आशाताईनं हौसाबाईला लावून दिलं व्हतं माझ्याशी. तिला मोतीबिंदू. माझी टाच बघून म्हणते, भाकरी करपली." ती हसली नाही. "पर आता रुक्साना शेजारी बसंल. तू बघायचं, मोठ्यानं बोलायचं, आणि ती ऐकंल. तुझ्या एकटीच्या शब्दावर मी गोल काढणार न्हाई."

मी बरं म्हणाले. तिनं आपली वही पुढं केली. त्या सोमवारचा हिरवा गोल तिनं एका बाजूनं ब्लेडनं खरवडला होता. कागद जवळजवळ फाटला होता.

डॉक्टरीणबाईंचा दुसरा लेख यंदा छापून आला. त्यांनी आधी फोन करून दोघींना विचारलं होतं. अनवरी म्हणाली होती, "छापा की. आता काय अंगठा परत येतो?" लेखात एक परिच्छेद आमचा आहे. तो त्यांनी मला मराठीत, लिहिलाय तसाच सांगितला: सोळा जोड्यांपैकी एका जोडीत बघणारीला जखम दिसली, पण तिनं सांगितली नाही. त्या दोघींत मत्सर होता, आणि तो आमच्या पहिल्या लेखातून निर्माण झाला. जोडी लावताना आम्ही याचा विचार केला नव्हता.

माझं पान आख्खं नाही छापलं. चार ओळी आहेत, काळ्यापांढऱ्या. 'ठीक', आणि खाली बारीक अक्षरात ते. बाजूला अनवरीचा खरवडलेला गोल, रंगीत.

मी मासिक घेऊन तिच्याकडं गेले. तिनं डोळ्याजवळ धरून बघितलं.

"कुणाचं मोठं छापलंय?"

"तुझं."

"रंगीत बी माझंच."

"व्हय."

"मग बस," ती म्हणाली आणि दोन्ही पाय माझ्या मांडीवर टाकले. "रुक्साना, ये गं, साळू बोलतेय."

रुक्साना पिठाचे हात पुसत आली. मी बेचक्या बघितल्या, टाच दाबली, अंगठ्याच्या जागच्या वणावरून बोट फिरवलं.

"नऊ बोटं," मी मोठ्यानं म्हणाले. "करंगळीपाशी भेग हाय. लहान हाय, पर हाय."